वसविणारी आई, सांभाळणारी आजी

(राजमाता जिजाबाईंच्या दीर्घ आयुष्याचे स्मरण)

देवळाचा जीर्णोद्धार हे पुण्यकर्म होय, असे आपण परंपरेने मानीत आलो आहोत. परंतु देवळाचा पहिला चिरा बसण्यापूर्वी आणखी एक काम व्हावे लागते. गाव नांदते असावे लागते. ज्या गावच्या चुली विझल्या आहेत, शेते पडीक आहेत आणि माणसे परागंदा झाली आहेत, तेथे देवाला छप्पर कोण घालणार? म्हणून देऊळ उभे राहिलेले दिसले, की त्यामागे वसलेली घरे आहेत, आणि त्या घरांमागे घर धरून ठेवणारी एखादी आई, एखादी आजी आहे, हे समजून चालावे. या स्मरणिकेत देणगीदारांच्या नावांची यादी आहे. त्यातील बहुतेक घरांत अशी एक तरी माउली होऊन गेली असेल, जिचे नाव कोणत्याही फरशीवर कोरलेले नाही.

अशा सर्व माउल्यांचे स्मरण एकाच नावाने करावयाचे झाले, तर ते नाव राजमाता जिजाबाईंचे होय. शिवाजी महाराजांच्या मातोश्री म्हणून त्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. बाळ शिवबाला मांडीवर घेऊन रामायण-महाभारतातील गोष्टी सांगणारी तरुण आई, हे त्यांचे चित्र घरोघरी भिंतीवर लागलेले असते. परंतु जिजाबाईंना शहात्तर वर्षांचे आयुष्य लाभले. शिवाजी महाराज सोळा वर्षांचे झाले, त्यानंतरही त्या अठ्ठावीस वर्षे होत्या. त्या वर्षांत त्या आजी झाल्या, आईवेगळ्या नातवंडांची आई झाल्या, आणि मुलगा परमुलखात अडकला असता राज्याचा आधारही झाल्या. भिंतीवरच्या चित्रात ही म्हातारी आऊसाहेब सहसा दिसत नाही. प्रस्तुत लेखात तिच्याकडेही वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

माहेर आणि सासर

जिजाबाईंचा जन्म पौष पौर्णिमेस, १२ जानेवारी १५९८ रोजी, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे झाला. वडील लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील बडे सरदार. देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणून या घराण्याची ख्याती होती. आई म्हाळसाबाई. लहान वयातच जिजाबाईंचा विवाह वेरूळच्या मालोजीराजे भोसले यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी झाला. मालोजीराजे हे मोठे देवभक्त. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाचा त्यांनी जीर्णोद्धार केला आणि शिखर शिंगणापूर येथे यात्रेकरूंच्या पाण्याची अडचण पाहून तळे बांधविले, असे परंपरा सांगते. देवळाचे काम हाती घेणारे हे सासर होते, ही गोष्ट या प्रसंगी आवर्जून सांगण्यासारखी आहे.

दोन्ही घराणी तालेवार. परंतु त्यांच्यात सलोखा टिकला नाही. निजामशाही दरबारातून बाहेर पडताना खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला आणि त्यावरून चकमक उडाली, ही हकीकत इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या एका दिवसात जिजाबाईंचा भाऊ दत्ताजी जाधव पडला आणि शहाजीराजांचा चुलतभाऊ संभाजी हाही पडला. माहेरी सुतक आणि सासरीही सुतक. पुढे १६२४ मध्ये भातवडीची लढाई झाली, तेव्हा लखुजी जाधवराव मोगलांच्या बाजूला होते आणि शहाजीराजे मलिक अंबराच्या बाजूने लढत होते. नवऱ्याच्या विजयासाठी देवापुढे हात जोडावे, तर समोर वडील उभे, अशी ती वेळ होती.

यानंतरचा घाव याहून मोठा होता. लखुजीराव निजामशाहीत परत आले; पण २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात भर दरबारात त्यांच्यावर शस्त्रे चालली. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव असे चौघे एकाच दिवशी मारले गेले. जिजाबाई त्या वेळी गरोदर होत्या. या घटनेला सात महिने पुरे होण्याच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर शिवाजीराजांचा जन्म झाला. माहेरचा आधार तुटलेला, पती मोहिमांवर, आणि भोवती मुलूख पेटलेला, अशा स्थितीत हे मूल जन्मास आले. गडावरच्या शिवाई देवीवरून त्याचे नाव ठेवले गेले, असे सांगतात.

ओसाड पुणे

शिवनेरीच्या त्या दिवसांत खाली मुलखात काय चालले होते, ते ध्यानी घेतल्याखेरीज जिजाबाईंच्या पुढील कामाची किंमत कळणार नाही. भोसल्यांच्या जहागिरीतले पुणे १६३० च्या सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने जाळून बेचिराख केले. गावावरून गाढवांचा नांगर फिरविला आणि येथे पुन्हा वस्ती करू नये याची खूण म्हणून लोखंडी पहार रोवली, ही आठवण पुण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. त्यातच १६३० ते १६३२ या काळात दख्खनेत आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. पुण्याजवळच्या देहू गावी तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा याच दुष्काळात दगावले. दुःखात बुडालेल्या तुकोबांना गावातले पडके देऊळ दुरुस्त करावेसे वाटले आणि त्यांनी ते केले, हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगितले आहे. सर्व काही गेले असता माणूस देऊळ का बांधतो, याचे उत्तर तुकोबांच्या या कृतीत मिळते. पुन्हा उभे राहावयाचे आहे, हे स्वतःला आणि गावाला सांगण्याचा तो एक मार्ग असतो.

१६३६ मध्ये निजामशाही बुडाली. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले आणि त्यांना कर्नाटकात जावे लागले. पुणे-सुपे जहागिरीची वहिवाट मात्र त्यांच्याकडे राहिली. मध्यंतरी काही काळ बंगळूरला शहाजीराजांजवळ राहून जिजाबाई १६४२ च्या सुमारास बाल शिवाजीराजांसह पुण्याकडे आल्या आणि येथेच राहिल्या. वाडे पडलेले, विहिरी बुजलेल्या, रान माजलेले आणि लांडग्यांचा उपद्रव इतका, की त्यांना मारणाऱ्यास बक्षीस द्यावे लागे. परागंदा कुळांना परत बोलावून, पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि पुढे तो क्रमाक्रमाने वाढवीत नेणारा इस्तावा देऊन, जमीन लागवडीस आणली गेली. हे काम कारभाऱ्यांनी केले हे खरे. परंतु धन्याचे कुटुंब स्वतः येऊन राहिले आहे, हे पाहिल्यावाचून कूळ परत येत नसते. पुण्यात लाल महाल उभा राहिला, त्याचा खरा अर्थ हा, की आम्ही येथून जाणार नाही.

याच काळात कसबा पेठेत ठकार यांच्या घराजवळ गणपतीची मूर्ती मिळाली आणि जिजाबाईंनी तिच्यासाठी देऊळ बांधविले, अशी पुण्याची परंपरा आहे. तोच पुण्याचे ग्रामदैवत कसबा गणपती. आजही गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचाच असतो. बालशिवाजीच्या हाती सोन्याच्या फाळाचा नांगर देऊन जिजाबाईंनी पुण्याची भूमी नांगरविली, ही कथाही तशीच लोकांच्या तोंडी आहे. जेथे गाढवांचा नांगर फिरला तेथे सोन्याचा फिरला. लोकांनी ही कथा इतकी वर्षे जपली, कारण तिच्यात पुण्याच्या पुनर्वसनाचे सार आले आहे. आधी घर, मग शेत, मग गावचे देऊळ, या क्रमाने उजाड मुलूख नांदता झाला. पुढे जे स्वराज्य उभे राहिले, त्याचा पाया या वस्तीत आहे.

आईवेगळ्या नातवंडांची आजी

जिजाबाईंचे वडील पुत्र संभाजीराजे हे शहाजीराजांबरोबर कर्नाटकात असत. एक मुलगा जवळ आणि एक दूर, असा हा संसार होता. कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे मारले गेले. अफजलखानाने वेळेवर मदत पोहोचविली नाही, असा त्याच्यावर ठपका होता. मोठ्या मुलाचे शेवटचे दर्शनही या माउलीस झाले नाही.

१४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर महाराजांच्या राणी सईबाई यांना पुत्र झाला. गेलेल्या मुलाचे नाव नातवाला मिळाले. तेच आपले धर्मवीर छत्रपती संभाजी महाराज. सईबाईंची प्रकृती बाळंतपणापासून ढासळली. बाळाला दूध पुरेना, म्हणून पुण्याजवळच्या कापूरहोळ गावची धाराऊ गाडे ही दूधआई म्हणून आणण्यात आली. शेतकऱ्याच्या घरच्या या बाईचे नाव इतिहासात राहिले आहे, हे मोठे समाधान आहे. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले. संभाजीराजांना तेव्हा अडीच वर्षेही पुरी झाली नव्हती. सखुबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई या त्यांच्या बहिणीही लहानच होत्या. घरात इतर राण्या होत्या, दासदासी होत्या. पण या चार लेकरांची आई आता आजीच होती. जिजाबाईंनी तेव्हा साठी ओलांडली होती.

सुनेच्या जाण्याला पुरते सव्वादोन महिनेही झाले नव्हते, तोच १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफजलखानाच्या भेटीस गेले. वडील मुलाच्या मृत्यूचा ठपका ज्याच्यावर होता, त्याच माणसासमोर धाकटा मुलगा उभा राहावयाचा होता. निघण्यापूर्वी महाराजांनी मातोश्रींचा आशीर्वाद घेतला आणि भावाचे उसने फेडून घेण्यास त्यांनी सांगितले, असे बखरीत आले आहे. राजगडावर त्या दिवशी आजीच्या पदराला आईवेगळा नातू होता. त्याचे वडील परत आले नसते तर काय झाले असते, याचा विचार त्या माउलीच्या मनात आला नसेल काय? तरी त्यांनी जाऊ नको असे म्हटले नाही.

पुढच्याच वर्षी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले. मुलाच्या सुटकेसाठी जिजाबाई स्वतःच फौजेनिशी निघावयास सिद्ध झाल्या आणि नेताजी पालकरांनी त्यांना थांबविले, असे कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात वर्णन आहे. महाराज जुलै १६६० मध्ये पन्हाळ्यावरून निसटले. त्याच सुमारास शाइस्तेखान पुण्यात येऊन लाल महालात तळ देऊन बसला. जो वाडा ओसाड जागी उभा राहिला, त्यात जवळजवळ तीन वर्षे शत्रूचा मुक्काम होता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी तेथे घुसून खानाला शासन केले, ती हकीकत सर्वश्रुत आहे.

सती न जाता राहिलेली आई

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचे निधन झाले. ही बातमी आली, तेव्हा जिजाबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. महाराजांनी लहान मुलासारखे आईच्या मांडीवर बसून, गळ्याला मिठी घालून, शपथा घालून त्यांना राहविले, असे बखरकार सांगतात. ज्याच्या नावाने बादशहा दचकत, तो चौतीस वर्षांचा पुरुष आईपुढे मूल झाला.

हा प्रसंग नीट समजून घेतला पाहिजे. त्या काळच्या समजुतीप्रमाणे सती जाणे हा मोठा मान होता. मागे राहणे म्हणजे पुढची सारी दुःखे अंगावर घेणे. जिजाबाई मुलासाठी आणि नातवंडांसाठी मागे राहिल्या. त्या गेल्या असत्या, तर दोनच वर्षांनी आग्र्याच्या संकटात राज्याला वडीलधारे माणूस उरले नसते. म्हणून शहाजीराजांच्या मागची त्यांची दहा वर्षे ही त्यांनी महाराष्ट्राला दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे, असे म्हणावे लागेल.

महाराजांनीही आईचा मान जगापुढे केला. ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी, श्रीक्षेत्र महाबळेश्वर येथे त्यांनी जिजाबाईंची सुवर्णतुळा केली आणि ते सोने दानधर्मात दिले. त्यांचे वृद्ध मंत्री सोनोपंत डबीर यांचीही तुळा त्याच वेळी झाली. घरची आई आणि राज्यातील वडीलधारा सेवक यांना एकाच पर्वावर तराजूत बसविणारा हा राजा होता. सत्तेच्या भरात वृद्धांना विसरणारे पुष्कळ असतात. त्यांनी हा प्रसंग आठवावा.

नऊ वर्षांचा नातू आणि आग्र्याची वाट

तुळेचा आनंद सहा महिनेही टिकला नाही. मिर्झाराजा जयसिंगाच्या फौजांनी पुरंदरला वेढा घातला. मुरारबाजी पडले. जून १६६५ मध्ये तह झाला आणि तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात कोंढाणाही गेला. तहाच्या अटी पुऱ्या होईपर्यंत संभाजीराजांना ओलीस म्हणून जयसिंगाच्या छावणीत पाठवावे लागले. ज्या पुरंदरवर तो नातू जन्मला, त्याच्याच पायथ्याशी तो शत्रूच्या गोटात गेला. वय आठ वर्षे.

मार्च १६६६ मध्ये महाराज आग्र्यास निघाले, ते संभाजीराजांना बरोबर घेऊन. १२ मे रोजी औरंगजेबाच्या दरबारात पितापुत्र उभे राहिले, तेव्हा या मुलाला नऊ वर्षे पुरी होण्यास दोन दिवस कमी होते. दरबारात महाराजांचा अपमान झाला, त्यांनी तो सहन केला नाही आणि दोघेही पहाऱ्यात पडले.

राजगडावर मागे कोण होते? महाराजांनी निघताना राज्याचा कारभार आईच्या हाती सोपविला होता. मोरोपंत पिंगळे, निळोपंत, अण्णाजी दत्तो असे मातब्बर कारभारी हाताशी होते. पण सर्वांच्या वर शब्द आऊसाहेबांचा. मुलगा आणि नातू दोघेही कैदेत आहेत, परत येतील की नाही याची शाश्वती नाही, अशा स्थितीत अडुसष्ट वर्षांच्या या बाईने राज्य विस्कळीत होऊ दिले नाही. किल्ल्यांच्या शिबंदीला, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना, रयतेला, कोणालाही राज्य धन्यावाचून उरले आहे असे वाटले नाही. कर्तबगारीचा हा प्रकार डोळ्यांत भरत नाही, कारण त्यात काही घडलेले दिसत नाही. जे कोसळावयाचे ते कोसळले नाही, एवढेच घडते. घर सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईचे काम असेच असते.

१७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले. लहान मुलाला घेऊन दौड करणे धोक्याचे, म्हणून संभाजीराजांना मथुरेस मोरोपंतांच्या नात्यातील ब्राह्मण कुटुंबाजवळ ठेवण्यात आले. शत्रूचा शोध थांबावा म्हणून मूल वाटेत वारल्याची हूल उठविण्यात आली, असेही सांगतात. महाराज बैराग्याच्या वेषात राजगडी आले आणि आईच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा क्षणभर त्यांनाही ओळख पटली नाही, अशी कथा आहे. या भेटीची चित्रे आपण पाहिली आहेत. पण मुलगा परत आला तरी नातू अद्याप यावयाचा होता, हे चित्रात दिसत नाही. मथुरेकडच्या मंडळींनी पुढे त्याला सुखरूप राजगडी आणून पोहोचविले, तेव्हाच आजीचा आग्र्याचा वनवास संपला असेल.

कोंढाणा, राजाराम आणि पाचाड

१६७० साल या वृद्ध मातोश्रींना सुखाचे गेले. ४ फेब्रुवारीस तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन कोंढाणा परत घेतला. जिजाबाईंनी प्रतापगडावरून कोंढाण्याकडे पाहिले आणि सोंगट्यांच्या डावात मुलाकडून तो किल्ला मागून घेतला, असे तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात गायिले आहे. शाहिराची वाणी ही दप्तराची नोंद नव्हे. पण ज्याने पुणे वसते पाहिले, त्याच्या डोळ्यांत समोरच्या डोंगरावरचे परके निशाण खुपणारच, हे शाहिराने अचूक हेरले आहे. त्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीस, राजगडावर सोयराबाईंच्या पोटी राजारामांचा जन्म झाला. मूल पालथे उपजले म्हणून घरातली माणसे चिंतेत पडली, तेव्हा हा दिल्लीची पातशाही पालथी घालील, असे महाराज म्हणाल्याचे सभासद लिहितो. बाहत्तर वर्षांच्या आजीच्या मांडीवर पुन्हा एक नातू आला.

राजधानी रायगडावर गेली. गडावरची थंड हवा आणि वारा उतारवयात आऊसाहेबांना मानवेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाड येथे त्यांच्यासाठी वाडा बांधविला. त्या वाड्याचे चौथरे आणि तट आजही पाहावयास मिळतात. तेथील एक विहीर तक्क्याची विहीर म्हणून ओळखली जाते. टेकून बसण्यासाठी तिच्या काठी दगडी तक्क्या आहे. वाडा, पाणी आणि भोवती बाजारपेठ. जिजाबाईंनी जेथे मुक्काम केला, तेथे वस्ती झाली.

६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला. शेजारी युवराज म्हणून सतरा वर्षांचे संभाजीराजे होते. ज्या मुलाला पोटात घेऊन वडील-भावांच्या हत्येची बातमी ऐकली, तो छत्रपती झालेला त्या आईने पाहिला. ज्या नातवाला अडीच वर्षांचा असता उराशी धरले, तो युवराज झालेला पाहिला. त्यानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ वद्य नवमी, बुधवारी, पाचाड येथे जिजाबाईंनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे. मांडवाची पाने सुकण्याच्या आत घरातले सर्वांत मोठे माणूस गेले.

मागे काय राहिले

जिजाबाईंच्या पश्चात महाराज सहाच वर्षे राहिले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचे बलिदान झाले, रायगड पडला, आणि नातसून येसूबाई लहानग्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या. ती कैद १७१९ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे चालली. लहानपणी सून म्हणून या घरात आलेल्या येसूबाईंनी थोरल्या आऊसाहेबांना जवळून पाहिले होते. घर कोसळले असता धीर कसा धरावा, हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नसावे.

धाकटे नातू राजाराम जिंजीला गेले आणि त्यांनी तेथून राज्य लढविले. आजी गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते आणि वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे. घराच्या गोष्टी त्यांना पुरत्या ऐकावयास मिळाल्या नव्हत्या. म्हणून जिंजीच्या त्या धामधुमीतही त्यांनी कृष्णाजी अनंत सभासद या जुन्या जाणत्या सेवकाला वडिलांचे चरित्र आरंभापासून लिहून काढण्यास सांगितले. १६९७ च्या सुमारास ती बखर पुरी झाली. जिजाबाईंविषयी आपण जे सांगतो, त्यातील काही या बखरीमुळे आपल्यापर्यंत आले आहे. नातवाने विचारले, जाणत्याने लिहिले, म्हणून आजी राहिली.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, आपल्या घरची बखर कोण लिहिणार? आपल्या आज्या-पणज्यांनी राज्ये राखली नाहीत. पण दुष्काळात पोरे जगविली, सावकाराच्या तगाद्यात जमिनीचा तुकडा सोडला नाही, धनी मुंबईच्या गिरणीत असता गावचे घर उघडे ठेवले, आणि देवळात सांजवात चुकू दिली नाही. देवळाचे दगड पुन्हा बसविता येतात. माणसाची आठवण एकदा गेली, की ती बसविणारा गवंडी मिळत नाही. म्हणून या मंगलप्रसंगी एक विनंती करावीशी वाटते. कलशारोहणासाठी लेकीसुना, मुंबई-पुण्याची मंडळी गावात येतील. जेवणे झाली, की घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे. तिचे माहेरचे गाव, तिच्या आईचे नाव, तिने पाहिलेले दुष्काळ, आधीचे देऊळ कसे होते, कोणी काय दिले, हे सारे विचारावे आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवावे. जिच्या हातची भाकरी खाऊन आपण वाढलो, तिचे नाव पुढच्या पिढीला ठाऊक असावे, एवढे आपल्या हातचे आहे.